छज्ज्याखालचं मोहोळ : काढायचं की राहू द्यायचं, हे ठरवण्याआधी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा : पुण्यातली सात मजली इमारत. पाचव्या मजल्यावरच्या छज्ज्याखाली नोव्हेंबरपासून मोठं पोळं लटकलंय, अंदाजे दोन-अडीच फूट रुंद. शेजारच्या दोन घरांत लहान मुलं आहेत. महिन्याभरात बाहेरून रंगकाम सुरू व्हायचंय. एक जण म्हणतो रात्री मशालीने जाळून देतो, दुसरा म्हणतो औषध फवारतो, आणि सभेत निम्मे लोक म्हणतात की माशा काही करत नाहीत, राहू द्या. सेक्रेटरी म्हणून निर्णय तुमच्यावर आलाय, आणि तुम्ही विचारताय की धोका नक्की किती आहे हे कसं ओळखायचं.

मी पंचवीसेक वर्षं हे काम करतोय. सुरुवात महाबळेश्वरकडे सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळता येणाऱ्या देशी मधमाशीच्या, पेट्या सांभाळण्यापासून झाली. नंतर शहरांतल्या इमारतींवरून बोलावणी येऊ लागली. एवढ्या वर्षांत एक गोष्ट पक्की कळली : पोळं किती मोठं आहे यावरून धोका ठरत नाही. माशांची वाट आणि माणसांची वाट कुठे एकमेकींना छेदते, आणि येत्या काही आठवड्यांत त्या पोळ्याला कोण, कसा धक्का देणार आहे, यावरून तो ठरतो. चार फुटांचं आग्या मोहोळ पाण्याच्या उंच टाकीखाली वर्षानुवर्षं येतं-जातं आणि कुणाला एक डंख बसत नाही. आणि वीतभर पोळं मीटरच्या पेटीत असेल, तर रीडिंग घ्यायला आलेल्या माणसाला दवाखान्यात न्यावं लागतं.

आधी माशी ओळखा, कारण पुढचं सगळं तिच्यावर अवलंबून आहे. तुमच्या वर्णनावरून ही आग्याच दिसते. उघड्यावर, एकच मोठा पडदा, छज्ज्याच्या किंवा स्लॅबच्या खालच्या बाजूला चिकटलेला, आणि त्यावर इतक्या माशा की मेण दिसतच नाही. जवळून पाहिली तर पाऊण इंच लांबीची माशी. आपल्याकडच्या मधमाश्यांत सगळ्यांत मोठी आणि राग आला तर सगळ्यांत वाईट.

सातेरी उघड्यावर राहत नाही. तिला अंधारी पोकळी लागते : भिंतीतलं भोक, झाडाची ढोली, बंद पडलेला माठ, मीटरची पेटी. तिची पोळी एकामागे एक समांतर लावलेली असतात. बाहेरून पोळं दिसत नाही, फक्त एका भोकातून माशांची ये-जा दिसते. फुलोरीचं पोळं तळहाताएवढं, फार तर ताटलीएवढं, एखाद्या फांदीला, गॅलरीच्या जाळीला नाहीतर एसीच्या आउटडोअर युनिटच्या मागे. ती तशी भित्री असते, फार छेडलं तर पोळं सोडून निघूनच जाते. पोया तर माशी वाटतच नाही. चिलटाएवढी, काळपट, भिंतीतल्या फटीतून मेणाची नळी बाहेर काढलेली. तिला नांगीच नसते. तिला घाबरून फट सिमेंटने बुजवली की मला वाईट वाटतं, कारण ती कुणाचं काही बिघडवत नाही.

आणि पुष्कळदा मला मधमाश्यांसाठी बोलावतात आणि समोर गांधीलमाशी असते. घर कागदासारखं, राखाडी, त्यात मध नाही, आणि माशी अंगाने लुकडी, कमरेत बारीक. तिच्या नांगीला मधमाशीसारखे उलटे काटे नसतात, म्हणून ती एकटीच पुन्हा पुन्हा डंख मारू शकते. तिचं गणित वेगळं, त्यात इथे शिरत नाही. भिंतीवर मातीचे गोळे दिसले तर ती कुंभारीण. तिला सोडून द्या.

आता पाहायचं कसं. आग्याच्या बाबतीत माझा नियम असा की पाहणारा पोळ्यापासून निदान तीस-चाळीस फूट लांब असावा, पोळ्याच्या बरोबर खाली नसावा, आणि त्याच्या मागे चार पावलांवर उघडं दार असावं. तुमच्याकडे समोरची इमारत असेल तर तिथल्या बंद खिडकीच्या काचेतून दुर्बिणीने पाहणं सगळ्यांत चांगलं. दुर्बीण नसेल तर मोबाइलवर फोटो काढून तो मोठा करून पाहा, पण फ्लॅश बंद ठेवून. ड्रोन उडवू नका. हल्ली प्रत्येक सोसायटीत कुणीतरी हौशीने ड्रोन काढतो. ते घोंगावत पोळ्यासमोर येऊन थांबणारं यंत्र माशांच्या दृष्टीने शत्रूच असतं. गच्चीवरून वाकून पाहणं तर नकोच. छज्ज्याच्या कडेवरून डोकं खाली काढणारा माणूस पोळ्यापासून हातभर अंतरावर असतो, आणि श्वासाची ऊब व वास माशांना लगेच कळतो.

मोजमाप अंदाजाने काढायचं असेल तर शेजारची एखादी वस्तू धरा. स्प्लिट एसीचं बाहेरचं युनिट साधारण अडीच फूट रुंद असतं. लोक नेहमी पोळं दीडपट मोठं सांगतात. भीतीने ते होतं, त्यात त्यांचा दोष नाही.

सकाळी नऊ ते अकराच्या दरम्यान पंधरा मिनिटं नुसतं उभं राहून पाहा. पहिल्या पाच मिनिटांत काहीच कळत नाही. मग हळूहळू दिसायला लागतं की पोळ्याच्या एका खालच्या टोकाला माशांची गर्दी जास्त आहे, तिथूनच त्या सुटतात आणि तिथेच उतरतात. ते पोळ्याचं तोंड. तिथून सुटलेली माशी किंचित खाली झेपावते आणि मग एका ठरावीक दिशेने वर जाते. ती दिशा कागदावर काढून घ्या. इमारतीचा साधा नकाशा, त्यावर पोळं, त्यावर बाण. मग त्याच कागदावर माणसं काढा : कोणाची गॅलरी, कोणाची कपडे वाळत घालायची जागा, वॉचमनची केबिन, मुलांची स्कूल व्हॅन थांबते ती जागा, कुत्रं बांधलेलं असतं ती जागा. बांधलेल्या जनावराला पळता येत नाही, आणि मोहोळ उठलं की पहिला जीव बरेचदा त्याचाच जातो. हा कागद हातात आला की सभेतला निम्मा वाद मिटतो, कारण तोवर सगळे फक्त पोळ्याच्या आकारावर भांडत असतात.

संध्याकाळी पुन्हा एकदा पाहा. सूर्य मावळल्यावर आग्याचे नर उडतात, तेव्हा पोळ्याभोवती बराच गलका होतो. दिवसाही मधूनच हजारो माशा एकदम पोळ्यावरून सुटतात, हवेत चार-पाच मिनिटं फिरतात आणि परत बसतात. यात त्या पोट साफ करतात. खालच्या गाड्यांवर, वाळत घातलेल्या चादरींवर पिवळे ठिपके पडतात ते याचेच. हे पाहून लोक घाबरून मला फोन करतात की मोहोळ उठलं. उठलेलं मोहोळ असं नसतं. उठलेल्या मोहोळाच्या माशा खाली येतात, माणसाकडे येतात, डोक्याला, केसांना धडकतात.

तसंच त्या पडद्यावर अधूनमधून चमकती लहर धावते, वाऱ्याने शेत हलावं तशी. माशा एकीमागोमाग एक पोटं वर उचलतात म्हणून ती दिसते. गांधीलमाशीसारख्या शिकाऱ्याला बुचकळ्यात पाडायची ही त्यांची युक्ती आहे. लहर आली म्हणून हल्ला येतोय असं नाही. पण तुम्ही उभे असताना लहरी एकामागून एक येऊ लागल्या आणि एक-दोन माशा तुमच्या चेहऱ्यासमोर घिरट्या घालायला लागल्या, तर पाहणं संपलं. हात न झटकता, न धावता, मागे या आणि दार लावून घ्या.

पाहताना तिसरी गोष्ट शोधायची ती पोळ्याचं वय. हे सगळ्यांत दुर्लक्षित राहतं, आणि माझ्या मते निर्णयाची किल्ली इथेच आहे. नुसता माशांचा घोस लटकलाय आणि आत मेण नाही, असं असेल तर तो मुक्कामाला थांबलेला थवा आहे. काही तासांत, काही दिवसांत तो पुढे निघतो. त्याच्याकडे सांभाळायला ना पिल्लं, ना मध, म्हणून तो बहुधा शांत असतो. अशा थव्यावर पाणी मारून लोक फुकट संकट ओढवून घेतात. कडेला पांढरं, ताजं मेण दिसत असेल तर वसाहत नवी आहे आणि वाढणार आहे. वरच्या एका कोपऱ्याला पोळं फुगीर, जाड झालंय, म्हणजे मध भरलाय आणि खाली पिल्लं आहेत. ही सगळ्यांत तापट अवस्था. आणि खालची कड उघडी पडलीय, तपकिरी मेण दिसतंय, माशांचा थर पातळ झालाय, तर त्या निघायच्या तयारीत आहेत.

कारण आग्या ही फिरस्ती माशी आहे. आपल्याकडे पठारावर ती साधारण पावसाळा संपल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये उतरते, सोनमोहर, निलगिरी, करंज, जांभूळ असा फुलोरा संपवत राहते, आणि पावसाळ्याच्या तोंडावर निघून जाते. मग पुढच्या वर्षी पुष्कळदा त्याच इमारतीवर, कधी कधी त्याच छज्ज्यावर परत येते. तीच वसाहत जुन्या जागी परतते हे माशांच्या आनुवंशिक तपासणीतून सिद्ध झालेलं आहे. म्हणजे तुमच्यासमोरचा खरा प्रश्न कायमचा नाही, काही महिन्यांचा आहे. हे एकदा सभेत नीट सांगितलं की ‘आजच्या आज जाळा’ म्हणणारेही जरा थांबतात.

आता धक्क्यांची यादी करा. पुढच्या तीन-चार महिन्यांत त्या भिंतीवर, त्या गच्चीवर, त्या घरांत काय काय होणार आहे? ड्रिल मशीन, खिडक्या धुणं, एसीवाला, केबलवाला, टाकीची सफाई, जनरेटरचा धूर, होळीचा धूर, लग्नाचे फटाके, संक्रांतीचा मांजा. मुलांचे दगड तर असतातच. यातला प्रत्येक येणारा माणूस बाहेरचा असतो आणि त्याला पोळं माहीत नसतं. मी स्वतः यात एकदा चुकलोय आणि ते मनातून जात नाही. एका इमारतीचं मोहोळ पाहिलं, सगळं शांत, वाट उंचावरून, महिन्याभरात जाईल अशी अवस्था. राहू द्या म्हणालो. गच्चीवरच्या टाकीची सफाई कधी आहे हे विचारायचं राहिलं. चार दिवसांनी दोन मुलं यंत्र घेऊन आली, टाकीच्या स्लॅबला कंप सुटला, आणि मोहोळ त्याच स्लॅबच्या खाली होतं. दोघंही वाचले, पण एक जण आठवडाभर रुग्णालयात होता. तेव्हापासून मी आधी वही उघडतो आणि मगच दुर्बीण.

एक धक्का मात्र तुमच्या हातात नाही : मधुबाज. मोहोळघार म्हणतात तो हा पक्षी. तो झेप घालून पोळ्याचा लचका तोडतो आणि उडून जातो, आणि चवताळलेल्या माशा खाली जो सापडेल त्याच्यावर तुटून पडतात. अजिंठ्याच्या कड्यांवर, गडकिल्ल्यांवर आग्या मोहोळं असतात, तिथे पर्यटकांनी काहीच आगळीक न करता हल्ला होतो तेव्हा पुष्कळदा असं काहीतरी मागे असतं. म्हणून ‘आपण काही केलं नाही तर त्या काही करत नाहीत’ हे तुमच्या सभेतलं म्हणणं बहुतांशी खरं आहे, पण पूर्ण खरं नाही. पोळ्याच्या बरोबर खाली माणसं रोज तासन्‌तास बसत असतील, तर हा एक धोका धरूनच चालायचं. वॉचमनची खुर्ची वीस फूट सरकवणं हा यावरचा सगळ्यांत स्वस्त उपाय.

माणसांची चौकशी घरोघर जाऊन करा, ग्रुपवर निरोप टाकून नाही. पूर्वी माशी चावून कुणाच्या अंगावर गांधी उठल्या होत्या का, श्वास लागला होता का, चक्कर आली होती का? कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे का, ज्याला खिडकी स्वतः लावता येणार नाही? दमा आहे का? हृदयाच्या गोळ्या चालू आहेत का? निरोगी प्रौढ माणसाचा केवळ विषाच्या मात्रेने जीव जायला डंखांची संख्या हजाराच्या घरात जावी लागते, लहान मुलाला त्याहून बरेच कमी पुरतात. पण ज्याला ॲलर्जी आहे त्याला एक डंखही पुरतो. पोळ्याशेजारच्या घरात असा एक माणूस असेल तर माझा सल्ला बदलतो, मग पोळं कितीही शांत असो.

रात्रीचं एक सांगायला हवं, कारण आग्याच्या बहुतेक तक्रारी रात्रीच्याच असतात. ही माशी चांदण्यातही उडते आणि उजेडाकडे ओढली जाते. पोळ्याजवळच्या खोलीत दिवा चालू आणि खिडकी उघडी असेल तर ट्यूबखाली पन्नास माशा गोळा होतात, दिव्यावर आपटून, दमून खाली पडतात. तो हल्ला नसतो. पण सकाळी अनवाणी चालताना त्या पडलेल्या माशीवर पाय पडला की डंख बसतोच, मेलेली वाटली तरी. दोन घरांत जाड पडदे, संध्याकाळी खिडक्यांना जाळी, गॅलरीतला दिवा बंद, एवढं केलं की हा त्रास जवळजवळ संपतो.

भिंतीच्या आतल्या सातेरीचा विषय तुमचा नाही, पण वाचणाऱ्या कुणाच्या उपयोगाचा असेल म्हणून थोडंसं. रात्री घर शांत झालं की भिंतीला कान लावा. गुणगुण ऐकू येते, आणि ती कुठपर्यंत ऐकू येते त्यावर खडूने खूण करत गेलात तर पोळ्याचा विस्तार कळतो. पिल्लांच्या जागी माशा चौतीस-पस्तीस अंश उष्णता राखतात, म्हणून थंडीत थर्मल कॅमेऱ्यात तो भाग भिंतीवर उजळ दिसतो. बाहेरचं भोक सिमेंटने बुजवू नका. आत कोंडलेल्या माशा वाट शोधत स्विचबोर्डातून घरात येतात. आत औषध मारलंत तर माशा मरतात, पण मध आणि मेण तिथेच राहतात. उन्हाळ्यात ते पाझरतं, मुंग्या, मेणकिडे आणि उंदीर येतात, आणि भिंतीवर डाग पडतो तो पडतोच. सातेरी पेटीत नीट हलवता येते. ती जिवंत काढून घेणारे लोक मिळतात, त्यांना बोलवा.

आग्याला पेटीत घालता येत नाही. हे स्पष्ट सांगतो, कारण ‘सुरक्षित स्थलांतर’ म्हणून पैसे घेणारे पुष्कळ आहेत. आग्या बंद पेटीत राहत नाही. आग्या काढणं म्हणजे धुराने माशा हटवून पोळं कापणं. माशा उडून जातात, पण लगेच नाही. एक-दोन दिवस, कधी जास्त, त्या जुन्या जागेवर घोस करून बसतात. त्या काळात त्या चिडलेल्या असतात. म्हणून काढणाऱ्याला पहिला प्रश्न हा विचारा : दुसऱ्या दिवशी सकाळी काय होईल? ‘काही होणार नाही’ म्हणाला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. जो म्हणेल की दोन दिवस या बाजूच्या खिडक्या बंद, गेट दुसरीकडून, मुलं खाली नकोत, तो माणूस कामाचा. पाचव्या मजल्यावर तो दोरावर कसा उतरणार आणि त्याला कोण धरणार हेही विचारा. माशांपेक्षा कुणी उंचावरून पडून मरेल याची मला जास्त भीती वाटते.

मशालीने जाळणारा स्वस्तात काम करतो. हजारो माशा जळतात, उरलेल्या अंधारात भिंतींवर सरपटत घरांत शिरतात, आणि सकाळी सगळी सोसायटी घाबरून दारं लावून बसते. शिवाय बाहेरच्या भिंतीवर केबल असतात, गॅलरीत कपडे असतात. आग लागायला वेळ लागत नाही. फवारणीत माशा दोन दिवस तडफडत पडत राहतात, मुलं त्या उचलतात. आणि त्या पोळ्यातला मध कुणीतरी खातोच, तो विषारी झालेला असतो. या दोन्ही गोष्टींना मी सरळ नाही म्हणतो. ज्या माशीने तुमच्या कुंपणाच्या करंजाला आणि शेजारच्या जांभळाला फळ धरलं, तिला असं मारायचं कारण फार मोठं असायला हवं.

तर तुमचं. वर्णनावरून मध भरलेलं, जोरातलं आग्या मोहोळ आहे. उंची चांगली आहे, माशांची वाट बहुधा गॅलऱ्यांच्या वरून जाते, पण ती तुम्ही पंधरा मिनिटं उभं राहून स्वतः पाहा. आजच्या घडीला, पडदे-जाळ्या लावून आणि खालची जागा मोकळी ठेवून, ते राहू शकतं. पण रंगकाम आणि मोहोळ एकत्र राहू शकत नाही, यात मधला मार्ग नाही. झुल्यावर किंवा परांचीवर असलेल्या रंगाऱ्याला पळायला जागा नसते. पाचव्या मजल्यावर माशा अंगावर आल्या तर तो दोर सोडतो. मजूर स्वतः ‘आम्ही सांभाळून घेऊ’ म्हणाले तरी त्यांचं ऐकू नका, त्यांना रोजगाराची गरज असते म्हणून ते तसं म्हणतात.

कंत्राटदाराला सांगून उरलेल्या तीन बाजू आधी घ्या. त्यातसुद्धा मोहोळाच्या भिंतीला लागून असलेल्या कोपऱ्यापासून दहा-पंधरा फूट सोडून. भिंत घासायचं यंत्र, उग्र वासाचा थिनर तिकडे नको. दर आठवड्याला त्याच जागेवरून, त्याच वेळी एक फोटो काढा आणि तारीख टाकून ठेवा. एप्रिल संपेपर्यंत कड उघडी पडताना दिसली तर थांबा, ती निघतेय. दिसली नाही, आणि पावसाआधी ती बाजू रंगवणं भागच असेल, तर चांगला माणूस बोलावून काढून घ्या आणि त्यानंतर माशांचा घोस पूर्ण हटल्यावरही आणखी तीन दिवस जाऊ द्या, मगच झुला बांधू द्या. त्याआधी एखाद्या घरात ॲलर्जीचा माणूस निघाला, किंवा मोहोळ दोनदा उठलं, तर वाट पाहू नका, लगेच काढून घ्या. पुण्यात केंद्रीय मधुमक्षिका संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, तिथे चौकशी केलीत तर प्रशिक्षण घेतलेल्या माणसांची नावं मिळू शकतील. अग्निशमन दलालाही आधीच कल्पना देऊन ठेवा.

मोहोळ गेलं की त्याच आठवड्यात उरलेलं मेण खरवडून, गरम पाण्याने घासून जागा धुवा आणि मग रंग द्या. मेणाचा वास राहिला तर पुढच्या ऑक्टोबरमध्ये पाहणी करायला आलेल्या माशांना तो लगेच लागतो. ती जागा नकोच असेल तर दसऱ्याच्या आधी छज्ज्याखाली बारीक जाळी ताणून बसवा. बसलेलं मोहोळ उठवण्यापेक्षा बसू न देणं माशांनाही बरं आणि तुम्हालाही.

आणि हे एका कागदावर लिहून लिफ्टमध्ये लावा, मोठ्या अक्षरांत. मोहोळ उठलं तर : तोंड, नाक, डोळे कपड्याने झाकून सरळ रेषेत धावत जवळच्या घरात किंवा गाडीत शिरा, दार-काचा लावा. झोपू नका, हात हलवू नका, पाण्यात उडी मारू नका, त्या वर थांबून राहतात. आग्या शे-दोनशे मीटर सहज पाठलाग करते, कधी त्याहून जास्त. दुसऱ्याला वाचवायला उघड्या अंगाने धावू नका, जाड चादर घेऊन जा. आत आल्यावर नांग्या ताबडतोब काढा, नखाने, कार्डाने, चिमटीने, जसं जमेल तसं. नांगी कशी काढली यापेक्षा किती लवकर काढली हे महत्त्वाचं, कारण तुटलेली नांगीही विष सोडत राहते आणि तिच्या वासाने आणखी माशा येतात. पिकलेल्या केळ्यासारखा वास आला तर समजा तो तोच. लोखंड घासणं, चुना लावणं यात वेळ घालवू नका. ओठ-जीभ सुजली, श्वास लागला, अंगभर गांधी उठल्या, चक्कर आली, तर लगेच १०८ ला फोन. आणि डंख पन्नासच्या आसपास किंवा जास्त असतील तर माणूस हसत-बोलत असला तरी रुग्णालयात न्या, कारण मूत्रपिंडावरचा परिणाम एक-दोन दिवसांनी दिसतो. मुलांच्या आणि म्हाताऱ्यांच्या बाबतीत हा आकडा आणखी खाली धरा.

समोरच्या इमारतीतून काढलेले दोन फोटो, एक पूर्ण भिंतीचा आणि एक पोळ्याचा, आणि तो बाणांचा कागद मला पाठवा. फोटोत पोळ्याची खालची कड दिसायला हवी, नाहीतर वय सांगता येत नाही.